तिसरा किलोवॅट नको

सोलापुरात राहून सोलर बसवायचं की नाही याचा विचार करायला आम्हाला इतके दिवस लागले, हे ऐकून पुण्याची नणंद हसते. "वहिनी, तुमच्याकडे उन्हाला काय तोटा?" तोटा अजिबात नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर जाऊन बसतो आणि दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पण ऊन आहे म्हणून सोलर घ्यावं, हे विहिरीला पाणी आहे म्हणून ऊस लावावा तसं झालं. आमच्या जिल्ह्यात तेही बऱ्याच जणांनी केलंय, ते सोडा.

मी नववी-दहावीला गणित शिकवते. त्यामुळे घरात मोठा खर्च निघाला की वही-पेन माझ्याकडे येतं आणि नवरा पेपर उघडून बसतो. विषय सुरू झाला तो समोरच्या काकूंमुळे. त्यांच्या स्लॅबवर प्लेटा चढल्या आणि पुढच्या महिन्यापासून त्या लाइट बिल हातात नाचवत गेटवर यायला लागल्या. "बघ, एकशे तीस रुपये!" आमचं त्याच मे महिन्याचं बिल पाच हजारांना टेकलेलं. घरात एक एसी, दोन कुलर, फ्रिज, आणि दिवसभर घरी असणाऱ्या सासूबाई. मग नवऱ्यानं एका सोलरवाल्याला बोलावलं.

मुलगा चुणचुणीत होता. गच्चीवर गेला, पावलांनी जागा मोजली, खाली येऊन चहा घेतला आणि म्हणाला, "मॅडम, तीन किलोवॅट टाका. ७८ हजार सबसिडी आहे. सरकार देतंय तर सोडायची कशाला?"

योजना खरी आहे, सबसिडीही खरी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार मिळतात. बेरीज ७८. त्यापुढं चार टाका नाहीतर दहा टाका, ७८ च्या वर एक रुपया नाही. प्लेटा भारतात बनलेल्या, म्हणजे डीसीआर, लागतात. त्या जरा महाग पडतात. पैसे आधी आपण भरायचे, सबसिडी नंतर आपल्या खात्यात येते. इथपर्यंत त्यानं सगळं बरोबर सांगितलं. फक्त एक साधा प्रश्न त्यानं विचारला नाही: तुम्ही वर्षाला वीज किती वापरता?

त्याचं उत्तर शोधायला कुठं जावं लागत नाही. महावितरणच्या बिलावरच मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, आपण फक्त खालची रक्कम बघून बिल फ्रिजवर अडकवतो. मी वर्षाचे आकडे वहीत मांडले. मे ३८०, एप्रिल ३४०, मार्च आणि जून २६० च्या आसपास. पावसाळ्यात दोनशे. डिसेंबर-जानेवारीत १४०, कारण थंडीत आमच्याकडं पंखासुद्धा बंद असतो. एकूण २,६०० च्या थोडं वर. आपल्याकडं एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो असं धरतात. म्हणजे महिन्याला १२०, वर्षाला साधारण १,४००. दोन किलोवॅटमध्ये आमचं वर्ष जवळजवळ बसतं. मग तिसरा कशाला?

"पुढं वापर वाढतो की मॅडम," सोलरवाला म्हणाला. हे बोलायला सोपं आहे, म्हणून मी दुसऱ्या बाजूनं हिशेब केला, आणि मला स्वतःला जे उमगलं ते त्यातलं. लाइट बिल सरळ रेषेत वाढत नाही, पायऱ्या-पायऱ्यांनी चढतं. मी २०२४-२५ ची बिलं घेतली होती. तेव्हा वहन आकार (वीज घरापर्यंत आणायचे पैसे) धरून पहिले शंभर युनिट सहा रुपयांच्या आत, १०१ ते ३०० ला साडेअकराच्या घरात, आणि ३०० च्या वर गेलं की पंधरा रुपयांच्याही पुढं. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. नंतर दर थोडे इकडं-तिकडं झाले, पण चढण तीच आहे.

सोलर वीज या जिन्यावरून वरून खाली उतरते. आमच्या मेच्या ३८० युनिटांतून पहिला किलोवॅट जे युनिट उडवतो ते सगळ्यात महागडे, पंधरा आणि साडेअकरावाले. त्या एका महिन्यात त्याचे दोन हजार रुपये वाचतात. दुसरा किलोवॅट साडेअकराचे खातो, सोळाशेच्या आसपास वाचवतो. तिसरा आला तेव्हा ताटात बहुतेक स्वस्तातलेच युनिट उरलेले असतात. त्याचे जेमतेम हजार-अकराशे होतात. आणि हा मे महिना, म्हणजे त्याचा सगळ्यात चांगला महिना. डिसेंबरात १४० युनिट लागतात, त्यातले १२० पहिल्यानंच उडवले. दुसऱ्याला जेमतेम काम, तिसरा नुसताच बसून.

"बसून कसा? जास्तीची वीज महावितरणला जाते, पुढच्या महिन्यात वजा होते." हे नवऱ्याचं. पेपरामागून तो ऐकत असतो. नेट मीटर असतं तेव्हा दिवसा उरलेली वीज बाहेर जाते, रात्री आपण परत घेतो, आणि फरकाचं बिल येतं. फरक आपल्या बाजूला निघाला तर ते युनिट पुढं ओढले जातात. पण ओढायला हद्द आहे: ३१ मार्च. आर्थिक वर्ष संपलं की शिल्लक युनिटांचा हिशेब मिटवतात आणि त्यांना जो दर मिळतो तो तीन रुपयांच्या आसपासचा.

आता ३१ मार्च सोलापुरात कुठं येतो ते बघा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी आकाश स्वच्छ, वापर कमी. शिल्लक साचायचे महिने हेच. ती शिल्लक घेऊन आपण एप्रिलच्या दारात पोचतो, एसी पुसून तयार ठेवतो, आणि नेमकी तेव्हा पाटी कोरी होते. हिवाळ्यात साठवलेलं उन्हाळ्यात कामी येत नाही. शेवटचा आकडा दिवाळीच्या सुमाराला मिटवला असता तर आमच्यासारख्या गावांचं भलं झालं असतं, पण सरकारी वर्षाला सोलापूरचा उन्हाळा विचारून ठरवायची पद्धत नाही.

तर भाव असे मिळाले. दोन किलोवॅट, उंच स्ट्रक्चरसकट (प्लेटांखालचा सांगाडा), १ लाख ४५ हजार. सबसिडी जाऊन ८५ हजार. तीन किलोवॅट दोन लाख. सबसिडी जाऊन १ लाख २२ हजार. आमची वर्षाची बिलं तीस हजारांच्या आसपास, दोन किलोवॅटमध्ये त्यातले पंचवीसएक वाचतात. साडेतीन-चार वर्षांत पैसे वसूल. बँकेत ८५ हजारांची एफडी टाकली तर वर्षाला सहाएक हजार मिळतील, त्यामुळे सोलर घ्यायचं की नाही हा प्रश्न इथंच मिटला. तिसऱ्या किलोवॅटचे मात्र वरचे ३७ हजार, आणि तो वर्षाला देणार पाच हजार, तेही निम्म्याहून जास्त त्या तीन रुपयांच्या भावानं. सात-साडेसात वर्षं. तोट्यात नाही. पण पहिल्या दोघांच्या दुप्पट वेळ घेणारा गडी आहे, आणि त्याला गच्चीत जागा द्यायची आहे.

गच्चीकडं येतेच. त्याआधी उन्हाबद्दलचा एक गैरसमज. "तुमच्याकडं मेमध्ये तर वीज धो-धो," असं तो मुलगा म्हणाला होता. प्लेटेला उजेड लागतो, ताप नको असतो. तिच्यावर लिहिलेले वॉट हे २५ अंशाला मोजलेले असतात, आणि त्यापुढं दर अंशाला साधारण ०.३५ टक्के कमी होतात. आमच्या मेच्या दुपारी प्लेट ६५ अंशांपर्यंत तापते. चाळीस गुणिले ०.३५, म्हणजे चौदा टक्के गेले. हे गणित मी नववीच्या वर्गात घातलं, तर एक पोरगा म्हणाला, "बाई, म्हणजे सोलरला पण ऊन लागतं." लागतं. म्हणून प्लेटांच्या खालून वारं खेळायला हवं, पत्र्याला चिकटवून बसवू नयेत. उंच स्ट्रक्चरचा हा एक फायदा.

दुसरा फायदा सासूबाईंचा. त्यांना मी आत्या म्हणते. खरं तर आमच्या घरातला सगळ्यात अवघड प्रश्न पैशाचा नव्हताच. आमची गच्ची म्हणजे आत्यांचं कार्यालय. मार्चपासून तिथं साड्या अंथरल्या जातात आणि त्यांच्यावर कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या पापड्या, मिरच्या. मंगळवेढ्याहून वर्षाची मालदांडी ज्वारी येते, तिला ऊन दाखवल्याशिवाय ती कणगीत जात नाही. सोलरवाला प्लेटांचा नकाशा दाखवत होता, एक किलोवॅटला शंभर चौरस फूट वगैरे, तेव्हा आत्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"तीनशे फूट तुझ्या प्लेटांना. मग माझी ज्वारी कुठं वाळवू? त्यांच्यावर?"

"आजी, दुकानात वाळलेली मिळते की."

हे त्यानं बोलायला नको होतं. तिसरा किलोवॅट तिथंच मेला. माझा हिशेब नंतर त्याच्या तेराव्याला आला असं म्हणायला हरकत नाही.

पण आत्यांचं म्हणणं नुसतं हट्टाचं नव्हतं. प्लेटा कुठं बसवायच्या हे शेवटी सावलीवर ठरतं, आणि आमच्या गच्चीवर कुठं कधी सावली येते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. वाळवण सरकवत सरकवत त्यांनी ती पस्तीस वर्षं बघितलीय. "नऊ वाजेपर्यंत शेजाऱ्यांच्या टाकीची सावली या कोपऱ्यात. थंडीत तर पार जिन्यापर्यंत." मी डिसेंबरच्या एका रविवारी खडू घेऊन वर गेले. नऊला, बाराला, तीनला टाकीच्या सावलीची कड आखली. थंडीत सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो. आपल्या अक्षांशावर बावीस डिसेंबरच्या दुपारी तो क्षितिजापासून ४९ अंशांवरच चढतो, म्हणून भर बाराला सुद्धा पाच फुटी टाकीची सव्वाचार फूट सावली पडते, आणि नऊला तर कितीतरी जास्त. मेच्या मध्याला तोच सूर्य बरोबर डोक्यावर, सावली टाकीच्या पायाशी. सोलरवाल्यांचे फोटो बहुतेक उन्हाळ्यातले असतात.

आत्या म्हणाल्या तस्सं निघालं. पूर्वेचा कोपरा नऊला पूर्ण अंधारात. तिथं एक जरी प्लेट बसवली तरी नुकसान तिच्या एकटीचं राहत नाही. साखळीत जोडलेल्या असतात, एकीवर सावली आली की बाकीच्यांचा जोरही उतरतो. शिवाय पूर्वेचे काका मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला चढवणार आहेत. पंचवीस वर्षांची वॉरंटी असलेली वस्तू घेताना शेजारच्याच्या मुलाचं लग्न हिशेबात धरावं लागतं. नैर्ऋत्येचा कोपरा धरला. चार प्लेटा, ५४० वॉटच्या, तोंड दक्षिणेला, कल पंधरा-सोळा अंशांचा. प्रत्येक प्लेट साधारण साडेसात फूट बाय पावणेचार. गच्चीचा दोन-तृतीयांश भाग आत्यांकडेच राहिला.

स्लॅबला भोकं पाडून बोल्ट मारायला मी नाही म्हणाले. गळतीवर आम्ही आधीच बरेच पैसे घातलेत. त्याऐवजी काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांत पाय पुरणार. पण हलके ठोकळे चालणार नाहीत, कारण आमच्याकडं वळीव येतो तो पत्रे घेऊन जातो. प्लेटा म्हणजे वाऱ्यासाठी शीडच. पाइप कुठला, जाडी किती, गॅल्व्हनाइज्ड आहे की नुसता चंदेरी रंग मारलाय, हे विचारायला लागल्यावर एका सोलरवाल्याचा फोन लागेनासा झाला.

पाण्याचा प्रश्न कुणाच्याच जाहिरातीत नसतो. प्लेटांवर धूळ बसते, कबुतरं बसतात, आणि दर पंधरा दिवसांनी त्या पुसायच्या असतात. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. बोअरचं पाणी एवढं जड की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. तेच पाणी काचेवर वाळलं तर धूळ बरी. यावर तोडगा आत्यांनीच काढला. आरओमधून बाहेर पडणारं पाणी नव्हे, ते तर अजून जड, एसीचं पाणी. उन्हाळ्यात एसीच्या नळीतून बादलीभर गळतं, ते क्षाराशिवायचं असतं. बाकीच्या दिवसांत नळाचं, पण सकाळी लवकर, प्लेटा थंड असताना, आणि लगेच वायपरनं ओढून. भर दुपारी तापल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही.

लाइट गेल्यावर काय, हा नवऱ्याचा प्रश्न, आणि तो बऱ्याच जणांना पडत नाही. काकूंनाही पडला नव्हता. गेल्या वळवात फॉल्ट झाला, दुपारी चार तास लाइट नाही, वर लख्ख ऊन, आणि काकू गेटवर: "अगं, माझी पण गेली!" नेट मीटरवाली साधी यंत्रणा लाइट गेली की स्वतःहून बंद पडते. पडायलाच हवी, नाहीतर डांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरातून उलटा शॉक बसायचा. बॅटरीची यंत्रणा घेतली तर चालू राहते, पण तिचा खर्च आमच्या हिशेबाचं पार वाटोळं करतो. आमचा जुना इन्व्हर्टर आहे, पंखे-दिवे त्यावर चालतात. तोच राहील.

थांबल्याचा एक फायदा झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, आणि नवऱ्यानं "मी म्हणतच होतो थांबू या" असं जाहीर केलं. तो असं काही म्हणाला नव्हता. उलट थांबण्यात भीतीही होती. २०२५ च्या दरप्रस्तावाच्या वेळी दिवसा तयार झालेली वीज दिवसाच्याच वापरातून वजा करायची, रात्रीच्या नाही, अशी चर्चा जोरात होती. पुढं कधी तसं झालंच तर जे घर दिवसभर कुलूपबंद असतं त्याचा हिशेब कोसळेल. आमचं तसं नाही. आत्या घरी, माझी शाळा सकाळची, कुलर अकरापासून चालू. मोटर आणि वॉशिंग मशीन दुपारी लावायची सवय मी आतापासूनच घालतेय. गरजेपेक्षा मोठी यंत्रणा न घेण्याचं हेही एक कारण: नियम बदलले तर आधी मार बसतो तो बाहेर पाठवायच्या विजेला.

मुलीचं म्हणणं निराळं. तिला पुढच्या वर्षी इलेक्ट्रिक स्कूटर हवी आहे आणि तिच्या मते तिसरा किलोवॅट म्हणजे फुकट पेट्रोल. मी तिलाही वहीत आकडे मांडून दाखवले. कॉलेजला जाण्या-येण्याला महिन्याला तीस-चाळीस युनिट. त्यासाठी सदतीस हजार घालायचे नाहीत. ते युनिट विकत घेऊ, तरी पेट्रोलपेक्षा स्वस्त. तिनं विचारलं, "म्हणजे स्कूटर घ्यायची हे ठरलं ना?" पोरगी आईवर गेलीय.

पर्यावरणासाठी म्हणून घेतोय असं म्हणत मी मिरवणार नाही. आमच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा कोळशाचा प्रकल्प आहे, त्याच्यापुढं आमच्या चार प्लेटा म्हणजे काय! बरं वाटतं, एवढं खरं.

आता अडलंय ते नावापाशी. मीटर अजून मामंजींच्या नावावर आहे. ते जाऊन बरीच वर्षं झाली, बिल वेळेवर भरत होतो म्हणून कुणी काही विचारलं नाही. पण अर्ज ग्राहकाच्या नावानं होतो आणि सबसिडी त्याच नावाच्या खात्यात जमा होते. त्यामुळे आधी नाव बदलायचं. नवऱ्याचं नाव घालायचं ठरत होतं, तर मी म्हटलं आत्यांचं घालू या, घर त्यांच्या नावावर आहे. आत्या लगेच म्हणाल्या, "चालेल. म्हणजे प्लेटा माझ्या." मृत्यूचा दाखला, घराचा उतारा, आधार, सगळं एका फाइलीत लावून अर्ज दिलाय. तुमच्या मीटरवर कुणाचं नाव आहे ते आजच बघा. सोलरवाला ही गोष्ट अॅडव्हान्स घेतल्यानंतर सांगतो.

स्ट्रक्चरची उंची आठ फूट ठरली, म्हणजे खालून माणूस ताठ चालेल आणि सावलीत बाज टाकता येईल. फॅब्रिकेटर मापं घेऊन गेला. तो निघता निघता आत्यांनी त्याला थांबवलं आणि दोन पाइपांना समोरासमोर हुक वेल्ड करून द्यायला सांगितले, कपड्यांच्या दोरीसाठी. सोलरवाला म्हणाला, "आजी, ते वॉरंटीत बसत नाही."

"मग बसेल असे हुक आण," आत्या म्हणाल्या, आणि चहाचे कप गोळा करून आत गेल्या.